बाईंना न विचारता

बाई,

उद्या माझी परीक्षा आहे आणि या परीक्षेत तुमची मदत घ्यायला मनाई आहे. तशी ताकीदच मिळाली आहे. ताकीद देणारी शिर्डीतल्या एका लॉजच्या काउंटरवर बसते, माझ्यापेक्षा वयानं थोडी लहान आहे, आणि ती माझ्याशी लग्न करणार की नाही हे उद्या ठरणार आहे. तुम्ही गेलात तेव्हा मी पाथर्डीच्या कॉलेजात होतो आणि मला धड मिसरूडही फुटलं नव्हतं. आता कानांवर पांढरं दिसायला लागलंय आणि मी अजून बोहल्याच्या अलीकडेच उभा आहे. हे ऐकून तुम्ही नक्की चष्मा काढून पदरानं पुसला असता. मोठं हसू दाबायचं असलं की तुम्ही तसं करायचा. मदत घ्यायची नाही म्हणून मी तुम्हांला काही विचारणार नाही, नुसतं सांगणार आहे. सांगायला कुणी बंदी घातलेली नाही, आणि तुम्हीही काही उत्तर पाठवू शकत नाही, तेव्हा ही कॉपी धरली जाऊ नये.

दुकानात बसून लिहितोय. वडिलांनंतर शेती मी बघतोच, पण तिसगावात मेन रोडला बी-बियाणं, खतं आणि औषधांचं दुकानही टाकलंय. तुम्ही नगरच्या गाडीतून उतरायचा तो थांबा इथून समोर दिसतो. तुम्ही पुस्तकात बोट घालूनच उतरायचा. कंडक्टर ओरडायचा, "बाई, तिसगाव आलं!" तो ओरडला नाही तर तुम्ही पाथर्डीपर्यंत जायचा. एकदा गेलाही होता, आणि आमचा मराठीचा तास बुडाला म्हणून आम्ही त्या कंडक्टरला मनातल्या मनात दुवा दिला होता. आता गाडीवर नगर नाही, अहिल्यानगर लिहिलेलं असतं. बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालंय. तुम्ही असता तर वाचलेल्या अर्ध्या पैशांची पुस्तकं घेतली असती आणि पुन्हा पाथर्डीला गेला असता.

दहावीच्या निकालानंतर वडिलांनी तुरीच्या डाळीची पिशवी खांद्यावर देऊन मला तुमच्या नगरच्या घरी धाडलं होतं, तो दिवस मला अजून लख्ख आठवतो. बाई स्वयंपाक करतात हेच मला नवीन होतं. ओट्यावर पिठाचा डबा, डब्याला टेकवून उघडं पुस्तक, पानं उडू नयेत म्हणून वर पळी, आणि शेजारी गॅसवर खिचडी. तुम्ही डाव्या हातानं पान उलटताय, उजव्या हातानं ढवळताय, आणि ढवळायचं विसरताय. खिचडी बुडाला लागल्याचा वास मला दारातच आला होता, पण शिक्षकांच्या घरात बोलायचं कसं म्हणून मी गप्प राहिलो. आपण दोघांनी ती करपलेली खिचडी लोणच्याबरोबर खाल्ली आणि तुम्ही मला तुमच्या लग्नाची, म्हणजे न झालेल्या लग्नाची गोष्ट सांगितली. "मला बघायला एक अधिकारी आला होता. दिसायला चांगला, पगार चांगला. मी त्याला विचारलं, आपण काय वाचता? म्हणाला, वाचायला वेळ कुणाला आहे, आणि कादंबऱ्या वाचून बायकांची डोकी फिरतात. मी त्याला आणखी पोहे वाढले आणि निरोप दिला." मग तुम्ही बोट वर करून म्हणालात, "लक्षात ठेव. माणसाला पगार विचारू नये, घराणं विचारू नये. काय वाचतोस ते विचारावं. बाकीचं आपोआप कळतं." जाताना तुमच्या कपाटातलं एक जाडजूड ललित लेखांचं पुस्तक मला दिलंत.

मी ते लक्षात ठेवलं, बाई. जरा जास्तच ठेवलं. आमच्या भागात आता लग्नाचा बाजार पार उलटा फिरलाय. शेती आणि दुकान करणारा मुलगा म्हटलं की मुलीकडचे चहासुद्धा हात राखून देतात. पुण्यात फ्लॅट आहे का, नोकरी कायमची आहे का, हे आधी. जिथं मुलगे रांगेत उभे आहेत आणि देव पाण्यात घालून बसलेत, तिथं मी पोह्यांची बशी हातात घेऊन मुलीला विचारायचो, "आपण काय वाचता?" आई कपाळाला हात लावायची. "आरं, हितं पोरगी मिळंना आन ह्याला वाचनारी पायजे! तुला बायकू पायजे का मास्तरीन?" शेवगावच्या एका मुलीनं तर मला सरळच केलं. मी प्रश्न विचारल्यावर ती म्हणाली, "सातबारा वाचते. आणलाय का तुमचा?" तिचे वडील, चुलते, शेजारी सगळे खदाखदा हसले. मीही हसलो, पण घरी येताना रस्ताभर कान गरम होते. आता वाटतं, बरी होती ती मुलगी.

मामांनी तर कहरच केला. माझी स्थळं तेच बघायचे. दर ठिकाणी भाच्याची गाडी एकाच प्रश्नावर पंक्चर होते हे त्यांच्या लक्षात आल्यावर त्यांनी मुलींनाच आधी जाऊन पढवायला सुरुवात केली. मला पत्ता नाही. एका घरी मुलगी म्हणाली, "प्रवासवर्णनं आवडतात." मी खूश. ते स्थळ पत्रिकेवरून मोडलं. पुढच्या घरी मुलगी म्हणाली, "प्रवासवर्णनं." मी म्हटलं, वा, आपल्या जिल्ह्यात वाचन वाढतंय. तिसऱ्या घरीही प्रवासवर्णनं निघाली तेव्हा मात्र मी विचारलं, "कुठल्या प्रवासाचं वाचलंत?" ती मुलगी मामांकडं बघून रडकुंडीला आली. "मामांनी एवढंच सांगितलं हुतं." मामा शांतपणे पोहे खात राहिले. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "म्या तुझ्यासाठी एवडी धडपड करतोय, आन तू उलटतपासनी घेतो व्हय रं?"

आता ती लॉजवरची. बियाण्याच्या कंपनीनं डीलर लोकांची मीटिंग शिर्डीला ठेवली होती, त्यासाठी एक रात्र आम्ही तिथल्या एका लॉजवर उतरलो. निघताना तुम्ही दिलेलं ते जाड पुस्तक खोलीतच राहिलं. मी ते प्रवासात नेहमी बरोबर ठेवतो. बसस्टँडवर लक्षात आलं आणि परत धावलो. काउंटरवर ती बसलेली, मान खाली, आणि समोर माझं पुस्तक उघडं. मी म्हटलं, "ते माझं आहे." ती मान वर न करता म्हणाली, "व्हय, कळलं. हा लेख संपत आलाय, बसा जरा. चहा सांगू का?" मी बसलो. माझी गाडी गेली. लेख संपल्यावर तिनं पुस्तक मिटलं आणि म्हणाली, "बराय. पण लेखक लई वळणं घेतो हो. गावाला जायचंय का न्हाई त्याला?" बाई, तुमच्या सगळ्यांत आवडत्या पुस्तकाबद्दल असं! मी तिला लेखकाची शैली, निसर्गाशी असलेलं नातं, शब्दकळा असं सगळं समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग विचारलं, "रेघा तुमीच मारल्यात ना? पयल्या दोन लेखांत लई हायेत. पुढं येकबी न्हाई." मला घाम फुटला. मी दोन लेख पुन्हापुन्हा वाचत होतो आणि पुढं जात नव्हतो, हे इतक्या वर्षांत कुणी धरलं नव्हतं.

सवयीनं मी माझा प्रश्न विचारलाच. "तुम्ही काय वाचता?" तिनं काउंटरखालचं एक खोकं पायानं पुढं सरकवलं. गिऱ्हाइकं खोल्यांमध्ये जे विसरून जातात ते झाडणाऱ्या बायका तिच्याकडं आणून देतात. महिनाभर कुणी मागायला आलं नाही की पुस्तक तिचं. खोक्यात काय नव्हतं? मधुमेहावर घरगुती इलाज, पहिली पानं गेलेली एक सामाजिक कादंबरी, बाळांच्या नावांचं पुस्तक, कवितांचं पुस्तक, रहस्यकथा, जुनं रेल्वेचं वेळापत्रक, तेलुगूतलं काहीतरी चित्रांचं. "सगळं वाचलंय," ती म्हणाली. "तेलुगू सोडून. त्यातली चित्रं बघून गोष्ट लावली म्या मनानं." मी ते खोकं बघत उभा राहिलो. माणूस काय वाचतो त्यावरून ओळखावा, पण जी निवडतच नाही, समोर आलं ते वाचते, तिला ओळखायचं कसं? तुमच्या नियमात हे बसत नव्हतं. मी तिला धड पासही करू शकत नव्हतो आणि नापासही.

मग शिर्डीत माझी कामं निघायला लागली. दुकानाच्या सुट्टीला मी साईबाबांना हात जोडायचो आणि लॉजवर जायचो. आई शेजारणींना सांगायची, पोरगं भक्तीला लागलं. तिची माहिती हळूहळू कळत गेली. ती कोपरगावकडची. वडील साखर कारखान्यात होते, ते लवकर गेले, मग धाकट्या भावाचं शिक्षण हिनंच केलं आणि त्यात लग्नाचं राहून गेलं. तेलुगू लोकांशी तेलुगूत खोलीचा दर सांगते, गुजराती लोकांशी गुजरातीत भांडते. मी गेलो की आम्ही पुस्तकांवर बोलायचो. म्हणजे मी बोलायचो. मला वाटायचं, छान चाललंय. शेवटी मामांना कोपरगावला पाठवलं. भाऊ म्हणाला, ताईला विचारतो. ताईचं उत्तर मामांनी येऊन ओसरीवर जसंच्या तसं सांगितलं. "ती म्हनली, मानूस चांगलाय, नजर चांगली हाय. पर त्याला काय ईचारलं की बाई असं म्हनायच्या, बाई तसं म्हनायच्या. मंग लगीन त्याच्याशी करायचं का त्याच्या बाईंशी?" मग मामांनी मिशीवरून हात फिरवून संशयानं विचारलं, "आन ह्या बाई कोन रं? आदी सांगायचं ना." आई म्हणाली, "आरं, त्याच्या शाळंतल्या मास्तरीनबाई. बिचाऱ्यांला जाऊन लई वर्सं झाली."

त्या दिवशी मला नववीतला तुमचा एक तास आठवला. एका कादंबरीवर तुम्ही आमच्याकडून चार ओळी लिहून घेतल्या होत्या. मी तुम्हांला खूश करायला तुम्हीच वर्गात बोललेली वाक्यं सुवाच्य अक्षरात लिहून काढली. तुम्ही माझी वही सगळ्यांसमोर उचललीत. मला वाटलं, आता शाबासकी. तुम्ही म्हणालात, "हे मत माझं आहे. माझं मला परत कशाला देतोस? तुझं काय आहे ते आण." मी मान खाली घालून उभा राहिलो, आणि खरं सांगतो, मला कळलंच नव्हतं की माझं वेगळं काही असायला हवं. माझ्या घरात पंचांग आणि खताच्या गोण्यांवरची अक्षरं, एवढंच वाचायला होतं. पुस्तक म्हणजे तुम्ही, आणि आवड म्हणजे तुमची आवड. तुम्हांला नावडतं ते मी हातात धरायचो नाही. भुताखेतांच्या कादंबऱ्यांना तुम्ही मेंदूचं भजं म्हणायचा, म्हणून मी बसस्टँडवरच्या त्या रंगीत पुस्तकांकडं तिरक्या नजरेनंही बघायचो नाही.

आणि आता गंमत ऐका. मागच्या खेपेला गेलो तेव्हा तिनं खोक्यातून नेमकं तसलंच एक काढून माझ्या हातात ठेवलं. मऊ कागद, मोठी अक्षरं, मुखपृष्ठावर विहीर आणि विहिरीतून वर आलेला एक हात. शेवटची पानं गायब, बहुतेक कुणीतरी त्यात भेळ खाल्ली असावी. ती म्हणाली, "हे वाचून या. शेवटाला काय झालं आसंल ते मला रविवारी सांगा. मग मी माझं सांगते." मी म्हटलं, "काय सांगता?" ती म्हणाली, "लग्नाचं हो. पण हे पुस्तक बाईंना न विचारता वाचायचं." थट्टेत बोलली, पण डोळे थट्टेचे नव्हते. तिलाही घाई नाही, तिनं एकटीनं संसार ओढलाय, आणि नवऱ्याच्या तोंडून आयुष्यभर दुसऱ्याच कुणाची मतं ऐकत बसायची तिची तयारी नाही. मला ते पटलं म्हणूनच धास्ती बसलीय.

हा आठवडा मी ते पुस्तक दुकानात वाचतोय. एक तरुण विधवा शिवणकाम करून पोट भरते आणि कापसाच्या एका बंद पडलेल्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, खोली भाड्यानं घेते. रात्री तिथली यंत्रं आपोआप चालतात. राखणदार सांगतो, दिवस मावळल्यावर विहिरीपाशी जायचं नाही. गावातला एक डॉक्टर तिच्यावर जीव टाकून आहे, तो पानापानावर तिला उपदेश करतो. परवा ती हातात कंदील घेऊन विहिरीकडं निघाली, आणि नेमका एक ओळखीचा शेतकरी कांद्यावरच्या औषधासाठी आला. त्यानं हाका मारल्या. मी पुस्तकातून मान न काढता म्हटलं, "थांबा जरा, ती विहिरीपाशी गेलीय." त्याचा चेहरा पांढरा पडला. "कोन गेलीय इहिरीपाशी? आरं मंग बसलाय काय, चल की!" असं म्हणून तो चपला टाकून रस्त्यावर धावला. त्याला धरून आणून, पाणी पाजून मी खरा प्रकार सांगितला. मला वाटलं, आता शिव्या घालतो. तो पोत्यावर बसला आणि म्हणाला, "बरं, मंग फुडं?" मी पुढं वाचून दाखवलं. विहिरीतून तिला कुणीतरी तिच्या लहानपणीच्या नावानं हाक मारतं. ती वाकते, कंदील खाली धरते, आणि तिथंच पानं संपतात. तो औषध न घेताच निघाला, दारातून परत आला, औषध घेतलं आणि म्हणाला, "शेवट कळला तर मला बी सांग."

मला शेवट कळत नाही, हीच पंचाईत आहे. म्हणजे एक शेवट तयार आहे, तो बसल्याजागी सुचला आणि पाठही केलाय. पण तो कुणाचा आहे ते मला माहीत आहे, आणि तुम्हांलाही. दुकान बंद करायची वेळ झाली. उद्या सकाळच्या गाडीनं निघतो.

आज सोमवार. पत्र गल्ल्याखाली ठेवून गेलो होतो, तिथंच सापडलं. पुढचं सांगितलं नाही तर तुम्हांला त्या शेतकऱ्यासारखं वाटेल, म्हणून लिहितो.

रविवारी शिर्डीत ही गर्दी. काउंटरवर भाऊगर्दी, किल्ल्यांची फेकाफेक, कुणाचं गरम पाणी येत नाही, कुणाची चप्पल हरवलीय. मला बघून तिनं नुसतं वर बोट दाखवलं. गच्चीवर तारांवर लॉजच्या पांढऱ्या चादरी वाळत होत्या. धुणी करणाऱ्या बायका आल्या नव्हत्या, म्हणून थोड्या वेळानं काउंटर दुसऱ्यावर सोपवून तीच वर आली आणि चादरी काढायला लागली. एक टोक माझ्या हातात दिलं. "धरा. हं, सांगा. विहिरीत काय हुतं?" आम्ही चादर ताणतो, घडी घालतो, एकमेकांकडं चालत येतो, टोकं तिच्या हातात जातात, पुन्हा लांब होतो. असं करत करत मी पाठ केलेला शेवट सांगितला. डॉक्टर बॅटरी घेऊन धावत येतो, विहिरीत उजेड पाडतो, भूतबीत काही नसतं, जिनमालकाची माणसं चोरीचा कापूस लपवत असतात, तिचा भ्रम दूर होतो आणि ती त्या जिनात गावातल्या मुलींसाठी शाळा काढते.

तिनं तारेवरची पुढची चादर ओढून टोकं माझ्या हातात दिली. मग म्हणाली, "शाळा काढते?"

"हो."

"जिनात?"

"हो."

"ही शाळा कुणी काढली? तुमी, का बाईंनी?"

माझ्या हातातली टोकं तशीच राहिली. खाली रस्त्यावर फुलवाले ओरडत होते, आणि मला वाटलं, संपलं. चादर खाली ठेवून सरळ स्टँड गाठावा. तिनं माझ्याकडं बघितलं, आणि आवाज एकदम मऊ करून म्हणाली, "तुमाला वाचताना काय वाटलं ते सांगा की. चुकंल म्हनून भेता का? हे काय मार्कांचं न्हाई."

बाई, मी तिच्याशी कायम तुम्ही शिकवलेल्या भाषेत बोलत आलो होतो. त्या वेळी मात्र तोंडातून आमच्या घरचीच भाषा आली. मी म्हटलं, "मला वाटलं, भूत खरंच आसावं."

"आसावं?"

"व्हय. येवड्या वर्सांत त्या इहिरीपाशी कुनी आलंच न्हाई. जे आलं ते पळालं. मंग ते हाक मारनारच की. येकट्यानं लई वर्सं काडली की मानूस कुनाला बी हाक मारतो. त्यात भ्यायासारखं काय हाय? हिनं दोर सोडावा, त्याला वर घ्यावं, आन म्हनावं, चल, खाली येकटंच काय बसतो, च्या टाकते."

बोलून झालं आणि मी तारेवरच्या चादरीआड तोंड वळवलं. भुताच्या पुस्तकापायी एवढा मोठा माणूस लॉजच्या गच्चीवर डोळे पुसतोय, हे कुणी बघितलं असतं तर तिसगावात तोंड दाखवायला जागा उरली नसती. तिनं घडी घातलेली चादर छातीशी धरली होती. मग तिनं विचारलं, "भूत च्या पितं?"

"पितं."

"गूळ का साखर?"

"च्या टाकनारी कोपरगावकडची आसंल तर साखरच घालंल की."

ती जी हसायला लागली ती थांबेना. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली, चादरीनंच डोळे पुसले आणि ती धुतलेली चादर पुन्हा धुण्यात टाकली. मग म्हणाली, "माझा शेवट येगळा हाय. माझ्यात ती डॉक्टरला विहिरीत ढकलती. लई उपदेश करतो मेला. पण तुमचा बी चांगलाय. लई चांगलाय." आणि पुढची चादर माझ्या हातात देत, जसं काही खोलीचा दर सांगावा तशी म्हणाली, "मामांना पाठवा. मंगळवारी भाऊ घरी आसतो."

मी विचारलं, "म्हणजे हो?"

"मग काय लिहून देऊ? हो."

मला इतका आनंद झाला की काय करावं ते सुचेना, म्हणून मी गच्चीवरच्या उरलेल्या सगळ्या चादरी काढल्या, ओल्याही काढल्या, आणि त्यासाठी लग्नाआधीचं पहिलं बोलणं खाल्लं. तिनं अटही घातलीय. ते खोकं ती घेऊन येणार, घरात जागा करायची, आणि त्यातल्या कुठल्याही पुस्तकाला वाचल्याशिवाय वाईट म्हणायचं नाही. मधुमेहावरचं पुस्तक तिनं आईला कबूल केलंय. आईला अजून मधुमेह नाही, पण ती म्हणाली, "सूनबाई देतीय तर वाचून ठिवते." आईला अक्षरं लावत लावत वाचता येतं हे मला माहीतच नव्हतं. मामा आज सकाळपासून तीन वेळा दुकानात येऊन गेले. प्रवासवर्णनांनी जे साधलं नाही ते भुतानं साधलं, असं ते सगळ्यांना सांगत फिरताहेत. तो कांद्यावाला शेतकरीही येऊन गेला. त्याला मी दोन्ही शेवट सांगितले. त्याला डॉक्टर विहिरीत पडलेला जास्त आवडला.

तुम्ही तिला पास केलं असतं का, हा विचार आज मनात आला. तुम्ही तिला आधी तासभर झापलं असतं आणि मग तिच्या खोक्यात हात घालून स्वतःच काहीतरी वाचत बसला असता. बस, एवढंच वाटलं. त्याच्यापुढं मी फार शोधलं नाही. पूर्वी प्रत्येक स्थळ बघून आल्यावर मी तुमच्या बाजूनं त्याचे गुण मोजायचो. या वेळी मोजायला बसलो तर हातात काही लागेना आणि त्याचं वाईटही वाटेना.

हे पत्र मी टाकणार नाही. तुमचा पत्ता कुठला घालणार, हे तर आहेच. पण तुम्ही नगरला त्याच घरात खिचडी करपवत बसला असता, तरी मी ते टाकलं नसतं. कारण यात एक गोष्ट आहे, जी तुम्हांला तोंडावर सांगायला मला अजूनही भीती वाटते. काल गच्चीवर ती हो म्हणाली तेव्हा तुम्ही माझ्या मनात नव्हता. गाडीत बसलो, राहुरी गेली, नगर आलं, तुमच्या घराच्या वळणावरून गाडी गेली, तरी नव्हता. तिसगावच्या अलीकडचा करंजीचा घाट लागला तेव्हा कुठं तुमची आठवण झाली.